रोज घर सोडणारे गुणवंतभाऊ

सकाळी अंघोळ करून, बुद्धवंदना म्हणून, तर्री न घेता पोहे खाऊन आणि बीपीची गोळी गिळून आमच्या इमारतीतले गुणवंतभाऊ रामटेके रोज साडेदहाला घर कायमचं सोडून जातात. गाण्यात.

गाणं त्यांचं स्वतःचं आहे. सोबत विजेची गिटार असते आणि तिचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून थेट कामठी रोडपर्यंत जातो.

ना घर मले, ना दार मले,
काहून पुसता वार मले?
चाबी फेकली कन्हानमंदी,
आता कशाचा भार मले?

साडेअकराला गाणं संपतं. मग हा बेघर माणूस अँप्लिफायरवर चादर टाकतो आणि वरणभाताचा कुकर लावतो.

गेल्या उन्हाळ्यात मात्र ते खरोखरच घर सोडून जायला निघाले होते. तेच सांगायचं आहे, पण आधी माणूस कसा आहे ते कळायला हवं.

मी या इमारतीची सेक्रेटरी. हौस नव्हती. एकदाच काय ती मीटिंगला उशिरा पोचले, तोवर सगळ्यांनी माझं नाव पक्कं करून चहा संपवला होता. सीताबर्डीला माझं शिलाई मशीन विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे खडखड करणारी कुठलीही वस्तू माझ्याच खात्यात येते असा लोकांचा समज आहे. त्यात गुणवंतभाऊही आले.

ते कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि आमच्याकडे राहायला आले. मग वहिनी वारल्या. त्याच्या पुढच्या वर्षी गिटार आली. गिटार आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तळमजल्यावरचे शुक्लाजी माझ्या दारात उभे राहिले.

"मैडम, ये आदमी रोज गाता है कि जा रहा हूँ, जा रहा हूँ. फिर जाता क्यों नहीं?"

मी वर गेले. दार उघडलं ते काळ्या टी-शर्टातल्या माणसाने. छातीवर कवटी होती, आणि तिच्यावरून इस्त्री फिरलेली स्पष्ट दिसत होती. बाहीला कडक घडी. पांढरे केस मागे रबरबँडने बांधलेले. नोकरीभर हेल्मेटखाली बारीक कापलेले राहिले, म्हणून निवृत्तीच्या दिवसापासून त्यांनी केसांना कात्री लावलेली नाही.

"भाऊ, काय करून राहिले हे?"

"रॉक, ताई."

"म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे कोणाच्या बापाले न पुसता जगणं," ते म्हणाले. मग दार पूर्ण उघडून, आवाज खाली आणून विचारलं, "तुमची दुपारची झोप कितीपासून असते? अन् शुक्लाजींची? कोणाची परीक्षा-गिरीक्षा असन तर सांगून देजा."

तेव्हापासून इमारतीच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी त्यांचा निरोप येतो: 'उद्याची बंडखोरी साडेदहा ते साडेअकरा. कोणाकडे परीक्षा, पाहुणे किंवा आजारपण असल्यास आधी कळवावे.'

मला संगीतातलं काही कळत नाही. पण गाण्यांमधला माणूस मला चांगला ओळखीचा झाला आहे. तो बसस्टँडवर झोपतो, दुसऱ्याच्या चपला घालून फिरतो, त्याच्याकडे रेशनकार्ड नाही, आणि त्याला कोणी "कुठे चाललास?" म्हटलं की तो उलट दिशेने जातो. एकदा मी गुणवंतभाऊंना सहज विचारलं, "तुमच्या या माणसाला ताप आला तर त्याचं कोण करतं?" पुढच्या आठवड्यात गाण्यात एक नवीन कडवं आलं. त्यात त्या माणसाला कामठीत एक चुलत बहीण निघाली, आणि ती कंपाउंडर होती.

मोटरसायकलवर केस उडवत हायवेला लागणाऱ्याचंही एक गाणं आहे. स्वतः भाऊ मोटरसायकलवरून भाजी आणायला जातात तेव्हा हेल्मेटचा पट्टा दोनदा ओढून बघतात. एकदा त्यांनी बँडसुद्धा काढला होता. नाव 'बेलगाम'. ड्रम वाजवायला त्यांच्याच शिफ्टमधले एक निवृत्त सहकारी यायचे. त्यांना घरून मंगळवारी आणि शुक्रवारी परवानगी होती, येताना कोथिंबीर आणायच्या अटीवर. गुडघे धरल्यावर त्यांनी ड्रम सोडले आणि 'बेलगाम'मध्ये भाऊ एकटे राहिले.

"वीज केंद्रात पण गात होते का हो तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"रोज. टर्बाइनजवळ उभं राहून. तिथं इतका आवाज असते, का आपला आवाज आपल्यालेच ऐकू येत नाही. लई भारी वाटे." मग जरा थांबून म्हणाले, "आता उलटं झालं. घरात आवाजच नाही कसला."

एवढं बोलून ते गिटारच्या खुंट्यांना घालायला माझ्याकडून मशीनचं तेल घेऊन गेले.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे: "आपल्याले काय करा लागते?" आपल्याला काय त्याचं, अशा अर्थाने ते हे म्हणतात, आणि ज्या कामाबद्दल म्हणतात ते काम पुढच्या दहा मिनिटांत स्वतः करून टाकतात. जिन्यातला दिवा गेला? "आपल्याले काय करा लागते?" आणि ते स्टूल घेऊन येतात. पहिल्या मजल्यावरच्या भोयरकाकूंची तुळस वाळली? "आपल्याले काय करा लागते?" आणि तुळशीत पाणी.

आणि चाब्या. गाण्यात चाबी कन्हान नदीत जाते. प्रत्यक्षात त्यांच्या घरात शिरल्या शिरल्या भिंतीवर एक लाकडी बोर्ड आहे, आणि त्यावर आमच्या सगळ्यांच्या घरच्या चाब्या टांगलेल्या असतात. प्रत्येकीला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नाव. शुक्लाजींचीही आहे. उन्हाळ्यात आम्ही कामावर गेलो की भाऊ दुपारी गच्चीवरून पाइप सोडतात आणि घरोघरी जाऊन कूलरमध्ये पाणी भरतात. संध्याकाळी सीताबर्डीच्या भट्टीतून मी घरी येते तेव्हा कूलरची टाकी काठोकाठ असते आणि बटण दाबलं की खसचा वास येतो. नागपूरच्या मे महिन्यात यापेक्षा मोठा उपकार कोणी कोणावर करू शकत नाही.

हा बोर्ड त्यांच्या जुन्या कामाची सवय आहे. तिथे दुसराही एक नियम होता. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, समोर येऊन चार्ज घेत नाही तोवर आपली खुर्ची सोडायची नाही. घरी लग्न असो की मयत.

"बॉयलर चालू आहे अन् खुर्चीवर कोणी नाही, असं जमन का वं ताई?" भाऊ म्हणायचे. "एका खेपेस माह्या रिलिव्हरले पोरगी झाली. तो खुशीत यायचंच विसरला. मी तसाच बसून राहिलो, पुरी दुसरी शिफ्ट."

"मग?"

"मग पेढे घेऊन आला. शिव्या द्यायच्या होत्या, पण तोंडात पेढा होता."

तर गेल्या मे महिन्यात एका सकाळी साडेदहा वाजून गेले आणि भाऊ घर सोडून गेले नाहीत.

त्या दिवशी उशीर झाल्यामुळे मी दुकानाला निघायच्या गडबडीत होते. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं पण काय ते कळत नव्हतं, तेवढ्यात बेल वाजली. दारात शुक्लाजी, बनियनवर.

"मैडम, आज भाईसाहब गये नहीं?"

आम्ही दोघं वर पळालो. बेल दिली, दार ठोकलं, फोन लावला. फोन आत वाजत होता. दाराला लॅच होतं, चाबी असती तर क्षणात उघडलं असतं. पण अख्ख्या इमारतीच्या चाब्या त्या दाराच्या आत टांगलेल्या होत्या, आणि त्या दाराची चाबी इमारतीत एकाही माणसाकडे नव्हती. इतकी वर्षं ती मागावी असं आमच्यापैकी कोणाला सुचलंच नव्हतं. मी घरून हत्यारांची पिशवी आणली आणि लॅच तोडलं.

भाऊ बोर्डाखाली जमिनीवर पडलेले होते. अंग भट्टीसारखं. शुद्धीत होते, पण जीभ जड झाली होती. आदल्या दिवशी भर दुपारी गच्चीवर पाइप ओढत फिरले होते, ते ऊन लागलं होतं. शुक्लाजींनी डोकं मांडीवर घेतलं तेव्हा ते पुटपुटले, "भोयरकाकूंचा कूलर राहिला."

"चुप बैठिए," शुक्लाजी म्हणाले. आणि ते हाताने वारा घालू लागले. मी रिक्षा बघायला खाली धावले.

दवाखान्यात सलाइन लावलं, आणि दोन-तीन दिवसांत ते बरे झाले. पण पुण्याहून त्यांची मुलगी शिल्पा आली ती ठरवूनच. हुशार, सरळ मुलगी आहे. मला जिन्यात गाठून म्हणाली, "मावशी, मी बाबांना घेऊन चालले. फ्लॅट नंतर विकू. मला दुसरं काही नको, फक्त ते पडले तर कोणाला तरी कळलं पाहिजे."

यात चुकीचं काहीच नव्हतं. रविवारी दुपारच्या गाडीची तिकिटं निघाली.

बाबांना विचारलं तर बाबा म्हणाले, "आपल्याले काय करा लागते? जाऊन राहिलो." आणि या वेळी, मी बघितलेल्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ते वाक्य म्हणून झाल्यावर उठून काही केलं नाही. बसून राहिले.

तो आठवडाभर ग्रुपवर निरोप आला नाही. अँप्लिफायरवरची चादर निघाली नाही. रोज घर सोडून जाणाऱ्या माणसाला खरंच घर सोडायची वेळ आली, तर त्याचं गाणं बंद पडलं. साडेदहाला इमारतीत इतकं शांत व्हायचं की भोयरकाकूंचा टीव्ही मला ऐकू यायचा. शुक्लाजी तर उगाच आवारात फेऱ्या मारत होते. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "कुछ नहीं, बहुत सन्नाटा है."

शनिवारी संध्याकाळी भाऊ माझ्याकडे आले. कवटीचा टी-शर्ट नव्हता, पांढरा बुशशर्ट होता. केस मात्र अजून शाबूत होते.

"ताई, उद्या बाराला या लागते तुम्हाले. चार्ज घ्याले."

"कसला चार्ज?"

"बोर्डाचा. मी समजावून देतो. शुक्लाजींचं कुलूप उलटं फिरते. भोयरकाकूंच्या कूलरचा पंप गरम होते, तर मधात बंद करा लागते. तुमच्या घरचा नळ..."

"माझ्या घरचा नळ मला माहीत आहे, भाऊ."

"हो नं," ते म्हणाले. "तुम्ही माह्या रिलिव्हर. तुम्ही आल्या का मी मोकळा."

"पुण्याचं कसं काय वाटतं?" मी विचारलं.

"मस्त आहे. शिल्पाच्या सोसायटीत मोठी लायब्ररी आहे. आवाज करू देत नाही कोणाले. चांगली शिस्त आहे." ते माझ्या दाराच्या कडीशी चाळा करत होते. कडी सैल होती. बोलता बोलता त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, कडी घट्ट केली आणि गेले.

मी वेळेची पक्की आहे. गिऱ्हाइकाला गुरुवार सांगितला की मशीन गुरुवारीच मिळतं. आमच्या इमारतीत माझ्या येण्याजाण्यावर लोक घड्याळ लावतात.

रविवारी सकाळी मी डबा भरला, मेट्रोने सीताबर्डीला गेले आणि दुकानाचं शटर वर केलं. रविवारी माझं दुकान बंद असतं. शेजारच्या चपलांच्या दुकानदाराने विचारलं, "आज काहून उघडलं, ताई?" मी म्हटलं, "तेलपाणी करायचं होतं." आणि खरंच केलं. शोकेसमधली सगळी मशीनं उघडली, पुसली, तेल दिलं, पुन्हा बंद केली. फोन गल्ल्यात ठेवला होता. बाराच्या सुमारास तो गल्ल्यात थरथरू लागला, मग थांबला, मग पुन्हा. मी बॉबिनच्या डब्या रंगानुसार लावल्या. पुण्याची गाडी स्टेशनातून सुटून बराच वेळ झाला असेल याची खात्री झाल्यावर शटर ओढलं.

मेट्रोत मात्र शंका आली. समजा नियम मोडून ते गेलेच असतील तर? निवृत्त माणूस. आता त्याला कोण विचारणार?

जिना चढताना वरून आवाज येत होते.

तिसऱ्या मजल्यावर, उघड्या दारात, बोर्डासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गुणवंतभाऊ ताठ बसले होते. शेजारी बांधलेली बॅग, मांडीवर हेल्मेट. ते बॅगेत मावलं नव्हतं म्हणे. पायरीवर शिल्पा डोक्याला हात लावून बसली होती, आणि शुक्लाजी सगळ्यांना चहा देत होते. हा त्यांचा तिसरा चहा होता असं नंतर कळलं.

"मावशी," शिल्पा म्हणाली, "कुठे होतात तुम्ही? बाबा जागचे हलेनात. मी म्हटलं माझ्याकडे द्या चाब्या, मी देते सगळ्यांना. तर मला म्हणतात, तू या प्लांटची नाहीस."

"मग शुक्लाजींना द्यायच्या," मी म्हटलं.

"मेरे से नहीं होगा," शुक्लाजी म्हणाले. दोन्ही हातांनी त्यांनी चहाचा ट्रे असा धरला होता की त्यात चाबी ठेवायला कोणाला जागाच मिळू नये. "भोयरकाकूंना विचारलं," शिल्पा म्हणाली, "तर त्यांना बिल्ल्यावरची नावं दिसत नाहीत." भोयरकाकू सकाळी पेपर चष्म्याशिवाय वाचतात.

आम्ही कोणीही याबद्दल आधी एकमेकांशी एक शब्द बोललेलो नव्हतो.

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "ताई, तुमचं दुकान रविवारी बंद असते."

"आज काम निघालं."

"रिलिव्हर नाही आला," ते शिल्पाला म्हणाले, अगदी गंभीरपणे, जणू वरच्या साहेबाला रिपोर्ट देत होते. "खुर्ची सोडता येत नाही."

मग मी शिल्पाजवळ पायरीवर बसले. मला लांबण लावता येत नाही, म्हणून जे होतं ते सांगितलं. "त्या दिवशी साडेदहाला गाणं झालं नाही, आणि पावणेअकराला हे शुक्लाजी बनियनवर माझ्या दारात होते. पुण्याला तुम्ही दोघं नवरा-बायको ऑफिसला गेल्यावर, त्या शांत सोसायटीत, किती वेळात कळेल?"

ती चहाच्या कपात बघत होती. मग म्हणाली, "पण दार तोडावं लागलं ना, मावशी."

"लागलं. चाबी नव्हती म्हणून."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भाऊ उठून आत गेले होते. कपाटाचा खण उघडला, हातोडीचे दोन-चार ठोके ऐकू आले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक चाबी होती आणि तिला नवाकोरा पत्र्याचा बिल्ला. ती त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि माझी मूठ बंद केली.

"हे घ्या. चार्ज."

"अन् बाकीच्या?"

"बाकीच्या राहू द्या बोर्डावर," ते म्हणाले. "आपल्याले काय करा लागते?" आणि हेल्मेट खुंटीला अडकवून भोयरकाकूंच्या कूलरचा पंप बघायला खाली गेले.

शिल्पा आधी हसली, मग रडली, मग पुन्हा चिडली. शेवटी म्हणाली, दिवाळीपर्यंत बघू. मी तिला इमारतीच्या ग्रुपमध्ये घातलं. संध्याकाळी तिच्याही फोनवर निरोप आला: 'उद्याची बंडखोरी साडेदहा ते साडेअकरा.' ती तिथेच बसली होती, तरी तिने त्यावर पसंतीच्या अंगठ्याची खूण टाकली. दोन दिवसांनी ती एकटी पुण्याला गेली. कूलरचं पाणी आता ऊन उतरल्यावर भरायचं, हे तिने बापाकडून कबूल करून घेतलं, आणि पाइप गच्चीवर ओढून द्यायचं काम शुक्लाजींनी स्वतःहून घेतलं. गाण्याबद्दलची त्यांची तक्रार कायम आहे. म्हणतात, आवाज जरा कमी येतो, अँप्लिफायर मैडमनी एकदा उघडून बघावा.

दिवाळी येऊन गेली. कोणी विषय काढला नाही.

भाऊंची चाबी माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. वापरायची वेळ अजून आलेली नाही. दुकान मी अकराला उघडायची, हल्ली सव्वाअकरा वाजतात. गिऱ्हाइकांनी कारण विचारलं तर मेट्रो उशिरा होती म्हणते. खरं म्हणजे मी चप्पल घालून, पर्स खांद्याला लावून दारात उभी असते. वर गिटारची तार एकदा कुरकुरते, मग खाकरल्याचा आवाज येतो, आणि मग सगळ्या जिन्यात घुमतं, ना घर मले, ना दार मले.

गेले एकदाचे, असं म्हणून मी कुलूप लावते आणि निर्धास्त दुकानाला जाते.